टॅब घेतला, पण वहिवाट नाही

गेल्या गणपतीत आमच्या तात्यांकडे एक टॅब आला. आला म्हणजे त्यांची मुलगी परदेशात असते, तिने कुणा येणाऱ्याच्या बॅगेतून पाठवला, आणि तो घरी जायच्या आधी माझ्या दुकानात आला कारण आमच्या घराण्यात चार्जर असलेली कुठलीही वस्तू आधी माझ्याकडेच येते. देवगडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, सीझनला आंब्याच्या पेटीवरची लेबलं, सगळं करतो. तात्या म्हणजे माझे चुलतकाका, वय ७८, प्राथमिक शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तरी मोबाइलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून मुलीने मोठ्या स्क्रीनचा टॅब पाठवला. चांगला होता हो. हलका, आवाज मोठा, हातात धरून पडवीतल्या झोपाळ्यावर बसलं तर मान अवघडत नाही.

तात्यांनी काय काय पाहिजे ते कागदावर लिहून आणलं होतं. मास्तर माणूस, नंबर घालून. पेपर, पंचांग, बँकेचं पासबुक, ई-पीक पाहणी आणि शेवटी 'डबलबारी' (आमच्याकडचा भजनाचा सामना) असं लिहून खाली दोन रेघा. मी टॅब चालू केला, वायफाय जोडलं आणि प्ले स्टोर शोधायला लागलो. नाहीच. त्या कंपनीचं स्वतःचं दुकान होतं, त्यात 'पंचांग' टाइप केलं तर लहान मुलांचे रंग भरायचे गेम आले. बँकेचं ॲप नाही. ई-पीक पाहणीचं नाही (त्याला जीपीएस लागतं वगैरे पुढची गोष्ट, तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही). यूट्यूब ब्राउझरमधून चाललं म्हणून डबलबारीचं काम झालं, बाकी कागद तसाच. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण एका कंपनीला शिव्या घालून भागेल असं हे प्रकरण नाही.

तात्या म्हणाले, "पैशे दिले मा? मगे तेका उघडूक काय झाला?"

मी म्हटलं, तात्या, टॅब तुमचा पण त्यातलं दुकान कंपनीचं, आणि दुसऱ्या दुकानातला माल आत आणायची सोय नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्हणजे जागा घेतली, पण वहिवाट नाय. असाच ना?"

गेलं वर्षभर हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, कारण मी या विषयावर जेवढं वाचलंय त्यात एवढ्या नेमक्या शब्दात कुणी सांगितलेलं नाही.

वहिवाट काय असते ते कोकणात कुणाला शिकवायला लागत नाही. आमच्याकडे दर दोन घरांमागे एक केस असते. जमीन तुमच्या नावावर, सातबारा तुमचा, कलमं तुमची, पण तिथे जायची वाट पुढच्याच्या आवारातून जाते आणि एक दिवस तो चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालून ती बंद करतो. मग तुमच्या जमिनीचं करायचं काय, लांबून बघायची? यावर कायदा काय आजचा नाही. इंग्रजांच्या काळातला १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, त्यात ज्या वाटेशिवाय जमीन वापरताच येत नाही अशी वाट मागायचा हक्क दिलाय. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, कलम ५, वाट अडवली की तहसीलदाराकडे अर्ज टाकायचा. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मागण्यासाठी. गडगा घालणाऱ्याची मालकी यातला एकही कायदा काढून घेत नाही, फक्त म्हणतो की बाबा तुझी जागा तुझीच, पण दुसऱ्याला जायला वाट ठेव. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमिनीच्या बाबतीत एवढं डोकं आपण चालवलं आणि टॅबच्या बाबतीत अजून "कंपनीचा माल आहे, कंपनी ठरवेल" असं म्हणत बसलोय.

आता हे गडगे कुणी कुणी घातलेत ते बघा, कारण हा सगळा मामला मुळात भाऊबंदकीचा आहे.

अँड्रॉइड मोकळं आहे असं म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. मूळ सिस्टीम कुणीही घ्या, फुकट आहे. पण प्ले स्टोर, यूट्यूब, मॅप, जीमेल हे त्यात येत नाही, त्यासाठी गूगलशी वेगळा करार करावा लागतो, आणि त्या करारासोबत दुसरी एक अट असायची की तुम्ही अँड्रॉइडची तुमची वेगळी आवृत्ती काढून एकही मशीन विकायचं नाही. एकही. म्हणजे एखाद्या कंपनीने दहा मॉडेल गूगलवाली आणि एक मॉडेल बिनगूगलचं असं काढायचं म्हटलं तर दहाचंही प्ले स्टोर जायची भीती. युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये गूगलला ४३४ कोटी युरोचा दंड केला (कोर्टात नंतर थोडा कमी झाला) त्यात हाही मुद्दा होता, आणि त्यांनी सरळ म्हटलंय की ॲमेझॉनच्या फायर ओएसवर मशीन काढू बघणाऱ्या मोठ्या कंपन्या या अटीमुळे थांबल्या. फायर ओएस म्हणजे अँड्रॉइडच, ॲमेझॉनने घेऊन आपल्या पद्धतीने केलेलं. २०११ साली पहिला किंडल फायर १९९ डॉलरला आला तेव्हापासून त्यात गूगलचं दुकान नाही, ॲमेझॉनचं ॲपस्टोर. स्वस्त का होता? कारण नफा मशीनवर काढायचा नव्हता, आत दुकान मांडून त्यातल्या पुस्तकांवर, पिक्चरवर काढायचा होता. हे वाईट नाही, धंदा आहे, फक्त घेणाऱ्याला सांगा की बाबा तू टॅब घेत नाहीयेस, आमच्या दुकानाचा दरवाजा घरी नेतोयस.

आणि आपल्याकडचा आकाश टॅबलेट आठवतो? ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी दिल्लीत केवढ्या थाटात काढला, जगातला सगळ्यात स्वस्त म्हणून. लोक त्याच्या रॅमवर हसले, स्क्रीनवर हसले, बॅटरीवर हसले, पण एक गोष्ट फार कुणी बोललं नाही की त्यात गूगलचं अँड्रॉइड मार्केट (प्ले स्टोरचं तेव्हाचं नाव) नव्हतं, गेटजार नावाचं दुसरंच दुकान होतं. म्हणजे सरकारने विद्यार्थ्याच्या हातात पाटी दिली आणि खडूचं दुकान दोन गावं पलीकडे. आकाश पडला त्याला कारणं पुष्कळ आहेत, हे एकच कारण असं मी म्हणणार नाही, पण गावातल्या पोराच्या हातात असलं मशीन आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय होतं ते मी काउंटरच्या या बाजूने बघितलेलं आहे. जे शेजाऱ्याच्या फोनवर दिसतं ते इथे नाही, म्हणजे हे बिघडलेलं आहे, अशी त्याची समजूत होते आणि मशीन फळीवर जातं.

बरं, भावाभावांचं भांडण नुसतं आपापल्या आवारात असतं तरी चाललं असतं. २०१५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या साइटवर गूगलचं क्रोमकास्ट आणि ॲपल टीव्ही ही टीव्हीला जोडायची यंत्रं विकायचं बंद केलं. २०१७ मध्ये गूगलने ॲमेझॉनच्या एको शो या स्क्रीनवाल्या स्पीकरवरचं यूट्यूब काढून घेतलं, आणि १ जानेवारी २०१८ पासून फायर टीव्हीवरचंही बंद करतो म्हणून सांगितलं. तक्रार काय, तर तू माझा माल ठेवत नाहीस मग मी माझं यूट्यूब देत नाही. मिटलं कधी? २०१९ च्या जुलैत. साडेतीन-चार वर्षं दोन अब्जाधीश कंपन्या "तुझ्या आंब्याची फांदी माझ्या कौलावर येते" या पातळीवर भांडत होत्या आणि ज्याने पैसे देऊन मशीन घेतलं त्याला कुणी विचारलंही नाही. आमच्या वाडीत दोन भावांचं असंच झालं होतं, सामायिक विहिरीचा रहाट एकाने काढून नेला, दुसऱ्याने विहिरीवर पत्रा टाकला, आणि पाण्यावाचून राहिली ती पलीकडच्या घरातली म्हातारी जिचा या भांडणाशी काही संबंध नव्हता.

आता ॲपलकडे येऊ. तिथे भाऊबंदकी नाही, तिथे सरळ खोताचं राज्य आहे. जुलै २००८ ला ॲप स्टोर उघडलं, २०१० ला आयपॅड आला, आणि पहिल्या दिवसापासून नियम एकच, दुकान आमचंच. विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालावर ३० टक्के, छोट्या डेव्हलपरला २०२१ पासून १५ टक्के. त्यात एक गंमत बघा. आयपॅडवर ॲमेझॉनचं खरेदीचं ॲप उघडा, छापील पुस्तक घ्या, चप्पल घ्या, कुकर घ्या, ॲपलला काही मिळत नाही आणि ॲपलला हरकतही नाही. तेच पुस्तक ई-बुक म्हणून किंडल या ॲमेझॉनच्याच वाचायच्या ॲपमध्ये घ्यायला जा, २०११ पासून बटणच गायब आहे. कारण ई-बुक डिजिटल, त्यावर ३० टक्के द्यायला लागतील आणि ॲमेझॉनला ते द्यायचे नाहीत. मग वाचणाऱ्याने काय करायचं, ॲप बंद करायचं, ब्राउझर उघडायचा, साइटवर जायचं, पुस्तक घ्यायचं, परत ॲपमध्ये यायचं. ज्याला माहितेय तो करतो. तात्यांसारख्याला वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. आणि अँड्रॉइड बरं म्हणावं तर २०२२ मध्ये गूगलने आपल्या बिलिंगचा नियम कडक केला आणि किंडलचं खरेदीचं बटण तिथूनही गेलं. अमेरिकेत एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात एप्रिल २०२५ ला कोर्टाने ॲपलला बाहेरच्या लिंकवर कमिशन घ्यायचं नाही म्हणून बजावलं तेव्हा तिथल्या किंडल ॲपमध्ये पुस्तक घ्यायचं बटण आलं, पुस्तक अजून ब्राउझरमध्येच घ्यायचं पण निदान बटण तिथे नेऊन सोडतं. हे सुख फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला.

आंबेवाल्यांना हे एका वाक्यात समजतं. दलाल दलाली घेतो याबद्दल आमची तक्रार नाही, गाळा त्याचा, हमाल त्याचे, उधारी बुडाली तर डोकं त्याचं फिरतं. पण समजा उद्या वाशीचा दलाल म्हणाला की पेटीत तुमच्या फोन नंबरची चिठ्ठी टाकायची नाही, गिऱ्हाइकाला "थेट बागेतून मिळेल" असं कळताच कामा नये, तर? ॲपलची अट बरीचशी अशीच होती, ॲपमध्ये लिहायचंही नाही की बाहेर स्वस्त मिळतं. यासाठीच युरोपने एप्रिल २०२५ मध्ये त्यांना ५० कोटी युरोचा दंड केला. आपल्या राज्याने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला तेव्हा बाजार समित्या काही बंद पडल्या नाहीत, वाशीला ट्रक अजून जातातच, पण ज्याला थेट विकायचंय तो थेट विकतो. दोन्ही वाटा चालू आहेत. मला एवढंच म्हणायचंय.

आणि सगळ्यात हसू येतं ते याचं की यातला जो तो दुसऱ्याच्या आवारात गेला की रडतो. ॲमेझॉन ॲपलच्या कमिशनवर नाराज, पण त्याच्या स्वतःच्या टॅबमध्ये गूगलचं दुकान नाही. गूगल ॲमेझॉनवर चिडलं होतं की आमचा माल ठेवत नाही, आणि स्वतःच्या प्ले स्टोरमध्ये दुसरं कुठलं दुकान ठेवायला तयार नाही. ॲमेझॉनने तर साध्या अँड्रॉइड फोन-टॅबवरचं आपलं ॲपस्टोर २० ऑगस्ट २०२५ ला बंदच केलं, आणि तिथून घेतलेली ॲप पुढे चालतीलच याची हमी नाही असं सांगून मोकळे झाले. पैसे देऊन घेतलेली ॲपसुद्धा त्यात आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मी पण एकतर्फी बोलतोय असं होईल. टॅबवर एखादी गोष्ट नाही म्हणजे दर वेळी दुकानदाराने अडवलं असं नसतं. आयपॅडवर व्हॉट्सॲप यायला २०२५ चा मे उजाडला, म्हणजे आयपॅड आल्यावर पंधरा वर्षं, आणि त्यात ॲपलचा काही दोष दिसत नाही, व्हॉट्सॲपवाल्यांनी मनावरच घेतलं नव्हतं. इन्स्टाग्राम तर त्याच वर्षी सप्टेंबरात. साधं कॅल्क्युलेटर ॲपलने स्वतः आयपॅडवर २०२४ मध्ये दिलं, तोवर पोरं आयपॅडवर गूगलमध्ये गुणाकार करत होती. टॅब हे पहिल्यापासून घरातलं मधलं भावंड आहे, ना फोनइतकं लाडकं ना कॉम्प्युटरइतकं कर्तं.

पण म्हणूनच त्याच्याकडे बघायला हवं असं मला वाटतं. फोन माणूस निवडून घेतो, चार जणांना विचारतो, दुकानात जाऊन दाबून बघतो. टॅब येतो. चाकरमानी गणपतीला येताना जुना घेऊन येतो, मुलीने पाठवलेला असतो, कुठल्या योजनेत मिळालेला असतो, बक्षीस लागलेलं असतं. आमच्याकडच्या घरात जे टॅब मी बघतो त्यातले निम्म्याहून जास्त असेच आलेले. त्यामुळे "घेताना बघून घ्यायचं ना, कुणी जबरदस्ती केली होती" हे जे उत्तर शहरातले शहाणे लोक देतात ना, ते इथे लागूच होत नाही. ज्याने निवडला तो एक आणि ज्याने वापरायचाय तो दुसरा. शिवाय फोन एकाचा असतो, टॅब अख्ख्या घराचा, सकाळी म्हाताऱ्याचा पेपर, दुपारी पोरांचा अभ्यास, मे महिन्यात आंब्याच्या ऑर्डरींचा हिशोब, रात्री मुंबईशी व्हिडिओ कॉल. एक दुकान बंद म्हणजे चार माणसांची कामं बंद.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. हा मुद्दा कंपन्या पहिला पुढे करतात आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही कारण त्याचा चटका मी जवळून बघितलाय. गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचा रिक्षावाला दुकानात आला, व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली म्हणून प्रिंट काढायला. प्रिंट कसली, ती एपीके होती, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. त्याने ती दोनदा दाबून झालेली, फोनने "माहीत नसलेल्या ठिकाणचं ॲप टाकू का" विचारलं त्याला हो म्हणून झालेलं, आणि एसएमएस वाचायची परवानगीही देऊन झालेली. आम्ही पहिला फोन विमान मोडवर टाकला, मग बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवलं, मग ते ॲप शोधून उडवलं, शोधताना कळलं की त्याने आपलं चिन्हच लपवलंय. पैसे वाचले, पण त्या माणसाचे हात अर्धा तास थरथरत होते. लग्नपत्रिकेच्या नावाने, चलनाच्या नावाने अशा फाइली देशभर फिरतायत. तेव्हा "सगळं मोकळं सोडा" म्हणणारे लोक कधी काउंटरवर बसलेले नसतात असं माझं मत झालंय.

पण मग उपाय काय, गडगा? आमच्याकडे आवाराच्या तोंडाशी बेडं असतं, बांबूचं. गुरं आत येऊ नयेत म्हणून. माणूस आला की बाजूला सारतो, आत येतो, परत लावतो. बेडं घालायला कुणाचीच ना नाही. दुसरं दुकान आत येऊ द्यायचं तर त्याची ओळख तपासा, ॲप स्कॅन करा, एसएमएस वाचायची परवानगी बाहेरच्या ॲपला सहजासहजी देऊच नका, दहा वेळा विचारा. हे सगळं बेडं आहे. ॲमेझॉनने क्रोमकास्ट विकायचं थांबवलं त्यात कुणाची सुरक्षितता होती? किंडलमध्ये पुस्तक घेऊ दिलं तर कुठला व्हायरस येणार होता? चोराचं नाव सांगून भावाची वाट अडवायची ही युक्ती आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही वकिलाला पहिल्या तारखेला ओळखता येते.

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्ले स्टोरच्या बाहेरून ॲप टाकायचं असेल तरी ते बनवणाऱ्याने आधी आमच्याकडे ओळख नोंदवायची, सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड इथे सुरुवात. ओरड झाल्यावर म्हणाले जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू. ओळख नोंदवायला माझा विरोध नाही, पण नोंदवही कुणाकडे हा प्रश्न आहे. वाटेवरून कोण जातो त्याची यादी तहसीलदाराने ठेवली तर ठीक, समोरच्या गडगेवाल्यानेच ठेवायची म्हटलं तर कुठला वकील गप्प बसेल?

आपल्याकडे काहीच झालं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला एका आठवड्यात दोन दंड केले, १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी. पहिल्या आदेशात दंडापेक्षा मोलाच्या गोष्टी होत्या, वेगळी आवृत्ती काढायची बंदी उठवा, दुसरी दुकानं प्ले स्टोरमध्ये ठेवू द्या, बाहेरून ॲप टाकायला आडकाठी करू नका. म्हणजे अगदी वहिवाटीचाच हुकूम. मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने दंड कायम ठेवला आणि दहातले चार आदेश रद्द केले, त्यात नेमके दुसऱ्या दुकानांचे आणि बाहेरून ॲप टाकायचे हे दोन्ही गेले. (दुसरा दंडही नंतर २१६.६९ कोटीवर आला.) दंड सरकारी तिजोरीत जातो, वाट मिळाली असती तर ती तात्यांना मिळाली असती. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा आला, त्याचा कायदा अजून झालेला नाही. त्याच मार्चच्या पहिल्या तारखेला गूगलने कमिशनच्या वादावरून नोकरी, भारत मॅट्रिमोनी असली भारतीय ॲप प्ले स्टोरवरून काढली, आणि मंत्र्यांनी डोळे वटारल्यावर काही दिवसांत परत ठेवली. ज्याला मंत्र्याकडे जाता येतं त्याची वाट उघडली, चांगलं झालं, पण मंत्र्याला फोन करून वाट उघडणं आणि वाटेचा हक्क असणं यातला फरक आमच्याकडे शाळकरी पोरालाही कळतो. युरोपात आयपॅडवर २०२४ च्या सप्टेंबरपासून दुसरी दुकानं टाकता येतात, जपानने स्मार्टफोनपुरता तसाच कायदा केलाय. तिथे कुणाचे आयपॅड बुडाले नाहीत.

सरकारलाही एक बोल लावायचाय. शेताची नोंद, शाळेचा प्रवेश, रेशन, काहीही असो, "प्ले स्टोरवरून ॲप डाउनलोड करा" असं पत्रकात छापून मोकळे. म्हणजे सरकारी कामाची वाट एका खाजगी कंपनीच्या आवारातून जाते आणि सरकारनेच ती तिथून काढली. केंद्र सरकारचं स्वतःचं 'मोबाइल सेवा' नावाचं ॲप स्टोर आहे, माझ्या दुकानात गेल्या पाच वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्याचं नाव घेतलेलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला सुचवलेलं नाही. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोर काढलं, मराठीसकट बारा भारतीय भाषा आहेत त्यात, पण ते टाकायचं कुठून, तर बाहेरून, आणि टाकताना फोन जी धोक्याची पाटी दाखवतो ती बघून आमचा रिक्षावाला आता सात जन्म हो म्हणणार नाही. सरकारी काम असेल तर ते साध्या ब्राउझरमध्ये झालंच पाहिजे, कुठल्याही टॅबवर, कुठल्याही दुकानाशिवाय, ही सक्ती उद्या सकाळी करता येईल, त्याला ना युरोप लागतो ना जपान. आणि दुसरं, टॅबच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा की आत दुकान कुणाचं आणि दुसरं टाकता येतं की नाही. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा टिंब चालतो, मग हे का नाही?

तात्यांच्या टॅबचं पुढे काय झालं विचाराल तर बाजारातल्या एका पोराने कुठून कुठून फाइली आणून त्यात प्ले स्टोर घातलं, दोन आठवडे सगळं मस्त, बँकेचं ॲपसुद्धा दिसायला लागलं, उघडलं तर "हे मशीन सुरक्षित नाही" म्हणून बंद. मग एका अपडेटनंतर प्ले स्टोरही अडकलं. मी सगळं पुसून परत होतं तसं केलं, ब्राउझरमध्ये पेपराच्या साइट, पंचांग आणि यूट्यूब अशी तीन चिन्हं मोठी करून ठेवली. पासबुक भरायला तात्या अजून बँकेतच जातात, एसटीने, पेपर येतो त्याच गाडीने परत.

परवा मुलीचा फोन आला, मी तिथेच होतो. ती म्हणाली बाबा, या गणपतीला दुसरा पाठवते, याच्याहून मोठा. तात्यांनी फोन कानाला जरा घट्ट धरला आणि म्हणाले, "मोठो-बारको रवांदे गो. त्येच्यात दुकान खयचा असा, ता आधी इचार."